तेवीसचा आकडा

टनस्टॉल, स्टोक
७ सप्टेंबर २०१८

प्रिय थेल्मा,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या बेटावर दोरीवरून वाऱ्याने उडालेले कपडे शेजारच्या बेटावरून गोळा करून आणावे लागतात, हे वाचून बसच्या रांगेत एकटीच हसत सुटले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलची बटणं तुला दिसत नाहीत, म्हणून ही पत्रं. बावीस वर्षं कारखान्यात शेजारी बसून कपांवर फुलं रंगवली आपण, तेव्हा तोंडाला खळ नव्हता. आता हाताला नाही.

बातमी अशी की काल तुझा भाऊ आमच्या क्लबात आला. स्वतःच्या पायांनी. मी किटली हातात घेऊन बघतच राहिले. दर गुरुवारी सकाळी दहाला चॅपलमागच्या हॉलमध्ये आमचा सिगारेट सोडणाऱ्यांचा क्लब भरतो. मी तिथेच सोडली, दोन वर्षं झाली, आता तिथेच चहा करते आणि नव्या लोकांना धीर देते. जीनसारखी बायको गेल्यापासून ट्रेव्हर दिवसाला तीस ओढायला लागला होता हे तुला कोणी सांगितलं नसेल. टोपी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "हेझल, थेल्मा बोलावतेय. तिच्याकडे जायचं तर ही सोडायला हवी."

यंत्रात फुंकलं त्याने. आकडा आला अठ्ठावीस. छोटंसं यंत्र असतं, श्वास धरून नळीत सोडायचा, की छातीत सिगारेटचा विषारी वायू किती आहे ते कळतं. दहाच्या वर गेलं की ओढलेली. आमच्यासारख्या व्हेपवाल्यांचा आकडा वाढत नाही, व्हेपमध्ये जळत काही नाही, नुसती वाफ. शगुफ्ता, आमची नर्स, बाळंतपणाच्या रजेवर चालली आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यापासून यंत्र माझ्या ताब्यात. दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं माझं.

बारा आठवडे आकडा खाली ठेवला की माणसाला त्याच्या नावाचा कप मिळतो. नावं मी रंगवते. भिंतीवर एकोणीस कप टांगलेत. ट्रेव्हर सगळे वाचून आला, चष्मा लावून.

जाताना फाटकापाशी नेहमीची मंडळी धूर काढत उभी होती. मी नाक दाबून त्यांच्यातून गेले. आपणही अशाच उभ्या असायचो म्हणा. पण आता तो वास सहन होत नाही मला, आणि खरं सांगू, ती माणसंही होत नाहीत.

तुझी,
हेझल


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
१९ सप्टेंबर २०१८

प्रिय हेझल,

बरं केलंस कळवलंस. त्याने मला नुसतं "प्रयत्न करतोय" एवढंच लिहिलं होतं.

माझी अट त्याला सांगितली आहे, तुलाही सांगते. मॅग्नस आता दिवसाचे सोळा तास ऑक्सिजनवर असतो. नळी नाकात, यंत्र पलंगापाशी. अशा घरात सिगारेट ओढणारा माणूस ठेवणं म्हणजे घर पेटवायला काडी हातात देणं. तुमचा तो बारा आठवड्यांचा हिशेब पुरा झाला की त्याने यावं आणि इथेच राहावं. मागची खोली त्याचीच आहे. मलाही माणूस हवं आहे गं. आजारी नवऱ्याला सोडून मला दुकानातही धड जाता येत नाही.

पण हेझल, त्याच्यावर डोळा ठेव. आमचा ट्रेव्हर गोड बोलून खोटं बोलतो, लहानपणापासून. बाबांच्या खिशातल्या सिगारेटी चोरायचा आणि कुत्र्याने खाल्ल्या म्हणून सांगायचा. आमच्याकडे कुत्रा नव्हता.

व्हेपबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. मी मॅग्नसच्या छातीचा फोटो बघितला त्या दिवशी पाकीट चुलीत टाकलं, ते आजतागायत. ना पट्टी, ना गोळी, ना ती स्ट्रॉबेरीची वाफ. तुम्ही मंडळी सोडल्याचा आव आणता आणि नळी तोंडात ती तोंडातच. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

थेल्मा


टनस्टॉल
१२ ऑक्टोबर २०१८

प्रिय थेल्मा,

राग मानला. दोन दिवस पत्राला हात लावला नाही. मग म्हटलं, हिने एकदा सोडली म्हणून जन्मभर नाकाने कांदे सोलणार, त्याला आपण काय करणार. आणि स्ट्रॉबेरी नाही, पुदिना आहे.

आता ऐक. ट्रेव्हरचा आकडा दुसऱ्या आठवड्यात तीन, मग दोन, मग एक, काल पुन्हा एक. टाळ्या झाल्या. त्याने उठून सगळ्यांपुढे मान लववली, एखाद्या नटासारखी. व्हेपवाल्यांच्या टेबलावर त्याचं चांगलं जमलंय. तिथे आम्ही एकमेकांच्या नळ्या बघतो, कोणाची गळते, कोणाची करपली, कोणी निकोटिन किती कमी केलं. मी तीनवर आहे, तो अजून बारावर. रॉनला मात्र आम्ही टेबलावर घेत नाही. तो घरी व्हेप ओढतो आणि पबच्या दारात सिगारेट. असल्या दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांमुळे आमची नावं बद्दू होतात.

पाच आठवडे झाले. मी त्याचा कप आत्ताच रंगवून ठेवला आहे, निळ्या अक्षरांत, फक्त भट्टीत भाजायचा राहिलाय.

थंडी पडायला लागली. कालपासून त्याने गॅसचा हीटर लावला. वरच्या खोलीत जीनच्या वस्तू आहेत म्हणून तो तिथे झोपत नाही, पलंग खाली हीटरपाशी ओढलाय. घर नीट आवरलेलं असतं, आठवड्याला मी डोकावते. तुझी काळजी मिटली असं समज.

हेझल


स्ट्रॉमनेस
२० ऑक्टोबर २०१८

प्रिय हेझल,

एक. एकचा आकडा. मॅग्नसला वाचून दाखवलं तर त्याने नळी काढून शीळ घातली, मग खोकत बसला.

चार डिसेंबरच्या बोटीचं तिकीट काढलंय ट्रेव्हरचं. मागच्या खोलीला रंग दिला. पडदे तुला आवडतील असे नाहीत, पण त्याला कुठे कळतंय. इतकी वर्षं मी इथे आनंदात आहे असं सगळ्यांना लिहीत आले. आनंद आहेच. पण आपल्या गावचं कोणी घरात असेल, आपल्यासारखं बोलेल, याची मी एवढी वाट बघत होते हे मला पडदे शिवताना कळलं.

तू त्याच्यासाठी करते आहेस ते मी विसरणार नाही.

थेल्मा


टनस्टॉल
२ नोव्हेंबर २०१८

प्रिय थेल्मा,

कसं लिहू कळत नाही, पण तुझ्यापासून लपवणार नाही.

गेल्या गुरुवारी त्याचा आकडा आला चौदा. मी यंत्र पुसलं, नळी बदलली, पुन्हा फुंकायला लावलं. चौदाच. म्हटलं, होतं एखाद्या वेळी, माणूस घसरतो. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "नाही गं ओढली. जीनच्या नावाने सांगतो." काल सतरा. पुन्हा तेच, जीनच्या नावाने सांगतो. मेलेल्या बायकोचं नाव असं वापरलेलं मला बरं नाही वाटलं.

शिवाय त्याचं डोकं दुखतं, मळमळतं, सकाळी उठवत नाही. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात होतं असं, आठव्या आठवड्यात नाही. पुन्हा सुरू केल्यावर होतं. मी म्हटलं, "मग कशाने बरं वाटतं?" तर म्हणतो, "परसात जाऊन उभा राहिलो की उतरतं." परसात काय आहे ते मला शिकवतो. त्याच्या शेजारणीनेही पाहिलंय, मिसेस कार्टलिजने. दिवसातून पाच-सहा वेळा मागच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभा असतो, भर थंडीत. आपण दोघी कारखान्याच्या मागच्या भिंतीला अशाच टेकायचो की नाही?

काय करू ते सांग. तुझा भाऊ आहे.

हेझल


स्ट्रॉमनेस
१० नोव्हेंबर २०१८

प्रिय हेझल,

काय करू म्हणून काय विचारतेस. मी म्हटलं नव्हतं का?

मागचं दार बंद कर त्याचं. कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. त्याला परसात उभं राहू देऊ नकोस. पुढच्या दाराने रस्त्यावर जाऊन तो ओढणार नाही, जीन गेल्यापासून त्याला लोकांनी बघितलेलं आवडत नाही. घरात बसव, गरम बस म्हणावं, खिडक्या लाव, तलफ येते आणि जाते. मी चुलीपाशी बसून अशाच काढल्या, तीन आठवडे, दात-ओठ खात. तो काही माझ्याहून नाजूक नाही.

आणि सगळ्यांच्या देखत बोल. एकट्याला समजावशील तर तो तुला गुंडाळेल.

मी मॅग्नसला अजून काही सांगितलेलं नाही.

थेल्मा


टनस्टॉल
१७ नोव्हेंबर २०१८

प्रिय थेल्मा,

परवा तेवीस.

सगळ्यांच्या देखत बोलले. तू म्हणालीस तसं. म्हटलं, "ट्रेव्हर, इथे कोणी दूधखुळं नाही. आम्ही सगळ्यांनी ओढल्यात आणि सगळ्यांनी थापा मारल्यात. बुधवारचा एक दिवससुद्धा तुला कळ काढवली नाही? या लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात." तो टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "यंत्र चुकत असेल." रॉन हसला. रॉन, तो दोन्हीकडचा, तोही हसला. मी ट्रेव्हरसमोर त्याच्या कपावरचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. भाजलेला नव्हता, एका हातात गेलं.

नंतर त्याच्या घरी जाऊन मागच्या दाराची किल्ली मागितली. वाटलं, भांडेल. त्याने खिळ्यावरून काढून दिली. "घे. विश्वास नसेल तर घे." त्याचा चेहरा लाल झाला होता, लाज वाटत असावी. पुढच्या खिडकीच्या फटींना त्याने कागदी पट्ट्या चिकटवल्यात, घर उबदार आहे, त्या बाबतीत काळजी नको.

मला आनंद होत नाही गं हे करताना. पण कोणीतरी करायला हवं.

हेझल


स्ट्रॉमनेस
२४ नोव्हेंबर २०१८

प्रिय हेझल,

तिकीट रद्द केलं.

ट्रेव्हरलाही आजच लिहिलं. लिहिलं की मॅग्नसचा जीव मी तुझ्या खोटेपणावर टांगणार नाही, आणि खरं बोलायला शिकलास की पत्र लिही, तोवर नको. कठोर लिहिलं. दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिलं, तरी कठोरच झालं. मॅग्नस म्हणाला, "येऊ दे गं त्याला, अंगणात ओढेल." मी म्हटलं, प्रश्न ओढण्याचा नाही, खोटं बोलण्याचा आहे.

तू तुझं काम केलंस. मला त्याचं वाईट वाटतंय, तुझं नाही.

थेल्मा


टनस्टॉल
११ डिसेंबर २०१८

थेल्मा,

मिसेस कार्टलिजने मॅग्नसला फोनवर सांगितलं तेवढं तुला कळलंच असेल. बाकीचं मी लिहिते. कोणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

गुरुवारी तो क्लबात आला नाही. मी म्हटलं, लाजतो आहे, लाजू दे. शुक्रवारी त्याच्या गल्लीवरून गेले, दार वाजवलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत पुढचे पडदे उघडले नाहीत म्हणून मिसेस कार्टलिजने पोलिसांना बोलावलं. ट्रेव्हर स्वयंपाकघरात मागच्या दाराशी पडला होता. जिवंत आहे. तीन दिवस झाले हॉस्पिटलात ऑक्सिजनवर आहे, काल डोळे उघडले, पण मला ओळखलं की नाही सांगता येत नाही.

अग्निशमनवाले यंत्र घेऊन आत गेले आणि लगेच सगळ्यांना बाहेर काढलं. धुरांड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं, काड्या ठासून भरल्या होत्या. हीटरचा वायू वर जायला वाटच नव्हती, सगळा खोलीत येत होता. ऑक्टोबरात त्याने हीटर लावला तेव्हापासून. तोच वायू थेल्मा, सिगारेटमधला तोच. माझं यंत्र चुकत नव्हतं. तोही नव्हता.

घर पालथं घातलं त्यांनी. एक थोटूक सापडलं नाही. काडेपेटीसुद्धा नाही.

तो बाहेर जाऊन उभा राहायचा कारण बाहेर त्याला श्वास घेता यायचा. मागच्या दाराला आतून नखांचे ओरखडे आहेत. किल्ली माझ्या घरी, माझ्या खिळ्यावर होती.

हेझल


स्ट्रॉमनेस
३ जानेवारी २०१९

हेझल,

तुझी डिसेंबरातली तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसते आणि उठते.

एकच विचारते. मॅग्नसला बघायला येणाऱ्या नर्सला मी हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "पण तिथे विचारतात ना, घरात हीटर कसला आहे म्हणून? तो म्हणतो ओढली नाही आणि आकडा चढता, तर पहिलं तेच विचारायचं असतं." तुला हे शिकवलं होतं का?

होय की नाही, एवढंच लिही.

थेल्मा


टनस्टॉल
२२ जानेवारी २०१९

प्रिय थेल्मा,

होय.

यंत्राच्या डब्यात एक कागद असतो. चौथ्या ओळीत लिहिलंय, आकडा जास्त असेल आणि माणूस सिगारेट ओढली नाही म्हणत असेल, तर घरातल्या हीटरची तपासणी करायला सांगा, आणि खाली फोन नंबर. शगुफ्ताने प्रशिक्षणात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती परवा क्लबात येऊन गेली. तिने मला एवढंच विचारलं, "विचारलं होतंस ना?" मी नाही म्हटलं. ती बाळाला घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली.

का विचारलं नाही, हे तुला सांगणं भाग आहे. विसरले म्हटलं तर तुला पटेल, पण खोटं असेल. मला ती ओळ आठवत होती. परत परत आठवत होती. मी मनात म्हणायचे, हीटर कसला, मला माहीत आहे हे लोक काय करतात.

कारण मी तेच केलं होतं. क्लबात मी सोडली, टाळ्या घेतल्या, आणि पुढचे तीन महिने शुक्रवार ते मंगळवार लपून ओढत होते. बुधवारी बंद. चोवीस तास थांबलं की आकडा खाली येतो, गुरुवारी मी छान फुंकायचे. दोन, तीन. माझा कप भिंतीवर टांगला तेव्हाही माझ्या कोटात पाकीट होतं. नंतर सुटली, खरंच सुटली, पण कप खोटाच होता. म्हणून मी ट्रेव्हरला म्हटलं, बुधवारचा एक दिवससुद्धा कळ काढवली नाही का. मला त्याच्या खोटेपणाचा राग नव्हता थेल्मा. त्याला माझ्याइतकंही जमत नाही याचा राग आला होता.

तो खरं बोलत असेल हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मग मी एकटीच खोटारडी ठरले असते.

तू मला लिहिणं बंद केलंस तरी माझी तक्रार नाही. दर मंगळवारी आणि शनिवारी मी हॉस्पिटलात त्याच्याकडे जाते, कोणी जाऊ नको म्हणेपर्यंत जाईन.

हेझल


स्ट्रॉमनेस
१० फेब्रुवारी २०१९

हेझल,

तुझं पत्र चुलीत टाकायला उठले होते. मॅग्नसने मागितलं, वाचलं, आणि म्हणाला, "कुलपाचं कोणी सुचवलं होतं?"

मी सुचवलं होतं. खिडक्या लाव, घरात बसव, हेही मीच लिहिलं. तुला संशय घ्यायला समोर आकडा तरी होता. मला तर नुसती एक जुनी गोष्ट आठवत होती, कुत्र्याने सिगारेटी खाल्ल्याची. तो तेव्हा दहा वर्षांचा होता गं. साठ वर्षांच्या माणसाला मी त्या दहा वर्षांच्या पोराची शिक्षा दिली.

मी तुला क्षमा करते असं लिहू शकत नाही. येतच नाही मनातून. पण तुझ्यावर एकटीवर ढकलूही शकत नाही. मी एका दिवसात सोडली म्हणून तुमच्यावर नाक मुरडायचे, तू व्हेपवर सोडलीस म्हणून ओढणाऱ्यांवर, आणि सगळ्यांच्या खाली ट्रेव्हर. तो खोटारडा असला की आपण दोघी जरा उंच.

माझं ते शेवटचं पत्र त्याला मिळालं होतं का, ते बघ. एवढं काम कर.

डॉक्टरांनी सोडलं की त्याला इथे आण. मॅग्नसला टाकून मला येता येत नाही.

थेल्मा


टनस्टॉल
१७ मार्च २०१९

प्रिय थेल्मा,

मिळालं होतं. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, उघडलेलं. मी परत पाकिटात घालून ठेवलंय, तू म्हणशील ते करते.

त्याची तब्येत सांगते. चालतो, जेवतो, चीज घातलेले ओटकेक दोन-दोन खातो. हात थोडा कापतो. जीन गेली हे लक्षात आहे, कारखाना लक्षात आहे, तुझं लग्न लक्षात आहे. ऑक्टोबरपासूनचं मात्र जवळजवळ काही नाही, आणि आज सकाळी काय झालं तेही दुपारी राहत नाही.

एकच गोष्ट राहिलीय. मी गेले की माझा हात धरतो आणि म्हणतो, "हेझल, मी तुला खोटं सांगितलं गं. ओढत होतो मी. तू सगळ्यांसमोर बोललीस ते बरोबरच होतं." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. मी सांगितलं त्याला, सगळं, घरटं, हीटर, माझा कागद, किल्ली. तो ऐकून घेतो. मग माझा हात थोपटतो. "तू चांगली आहेस म्हणून पांघरूण घालतेस. आकडा तेवीस होता ना? मग?" पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. आतापर्यंत अकरा वेळा त्याने माझी माफी मागितलीय आणि अकरा वेळा मी त्याला सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, जिथे काही आठवत नाही तिथे माणूस लोकांचं म्हणणं बसवून टाकतो. लोकांचं म्हणजे माझं.

क्लबातही सांगितलं. गुरुवारी उभी राहून, त्याला बोलले होते त्याच जागेवरून, माझ्या कपाचंसुद्धा. मग माझा कप उतरवला. रॉन म्हणाला, "तरीपण हेझल, हीटरचं खरं असलं तरी तो ओढतही असेल. आपल्याला काय माहीत." आणि दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. चांगली माणसं आहेत गं ती. मी त्यांना दोष देऊ कशी, मीच तयार केलीत.

तेवीस तारखेच्या रेल्वेने निघतो, चोवीसच्या बोटीने येतो. त्याची औषधं, कपडे, कागद सगळं मी बांधलंय. मी तिथे राहणार नाही. तू राहा म्हणू नकोस.

हेझल


स्ट्रॉमनेस
२२ एप्रिल २०१९

प्रिय हेझल,

तू बोटीवरून खाली उतरलीसुद्धा नाहीस. मी राहा म्हणणार होते की नाही, मलाच माहीत नाही. तू त्याची पिशवी खलाशाच्या हातात दिलीस आणि वर कठड्याशी उभी राहिलीस ते दिसलं मला. हात करायला हवा होता. केला नाही.

ट्रेव्हर रुळला आहे. मॅग्नसचं आणि त्याचं गूळपीठ जमलंय, दोघं रेडिओवर बातम्या ऐकतात आणि एकमेकांना त्याच बातम्या सांगतात. त्याच्या खोलीतला हीटर विजेचा आहे. तरी मी तीन ठिकाणी वायूची घंटा लावून घेतली, मॅग्नस हसला. माझं ते पत्र मी जाळलं. ट्रेव्हरला ते आठवत नाही. पण माझीही तो माफी मागतो, रोज न्याहारीच्या वेळी. मी त्याला खरं काय ते सांगते. तुझ्याइतक्या शांतपणे मला जमत नाही, मी रडते, मग तो माझी समजूत घालतो.

काल जे झालं ते मॅग्नसला सांगितलेलं नाही. तुलाच सांगू शकते, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

दुपारी तो मागच्या अंगणात गेला होता. भिंतीला टेकून उभा होता, वाऱ्यात, पाठमोरा. मी भांडी घासत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्याचे हात दिसत नव्हते. हेझल, मला सगळं माहीत आहे. घरटं माहीत आहे, कुलूप माहीत आहे, तो माझ्या सांगण्यावरून कोंडला गेला हे माहीत आहे. आणि तरी तो आत आला तेव्हा मी त्याचा कोट घ्यायच्या निमित्ताने पुढे झाले आणि बाही नाकाशी नेली.

त्याने बघितलं. रागावला नाही. त्याने कोट काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही पंजे माझ्या तोंडापुढे धरले, बोटं पसरून, मला नीट वास घेता यावा म्हणून.

आणि मी घेतला.

साबणाचा वास होता.

तुझी,
थेल्मा